सिलोनचा ठराव

समुद्रावर जायचं, हे ठरून दीड महिना झाला होता आणि त्याबद्दल खंडाऱ्यांच्या घरात कोणाची तक्रार नव्हती. तक्रार निघाली ती समुद्राच्या पलीकडच्या देशावरून.

समुद्राचं कारण देवमनचा खोकला. अकोल्याच्या जिनिंगमध्ये उभी हयात रुई ओढून त्याच्या छातीत जी धूळ बसली होती, ती आता निघणार नाही, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मे महिना मात्र वऱ्हाडात काढू नका, समुद्राकाठी काढा, श्वासाला आराम पडेल, असंही सांगितलं होतं. थोरला सहदेव अकोल्याला रेल्वेत फिटर. त्याच्याबरोबर भुसावळला काम शिकलेला एक मद्रासकडचा फिटर आता पांबनला होता. त्याने आपल्या क्वार्टरशेजारच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या आणि खिडकीतून वाळू दिसते, असं कळवलं. घरात कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. तिथलं पाणी खारट असतं तर माणसं पितात काय, एवढंच जाईबाईने विचारलं होतं.

धाकटा उत्तम अमरावतीच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होता. शकुन, सगळ्यांत लहान, तिथल्याच दवाखान्यात नर्स होती. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दोघं एस.टी.ने अकोल्याला आले, आणि रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत उत्तमने शाळेतून आणलेला नकाशा खाटेवर पसरला.

"हे पाय दादा. हे पांबन. हे धनुष्कोडी. गाडी थेट धक्क्यावर जाते. धक्क्यावर बोट उभी असते. अन् हे," नखाएवढं निळं ओलांडून त्याने बोट पलीकडे टेकवलं, "हे सिलोन."

"रेल्वेचा पास धनुष्कोडीपर्यंत आहे," सहदेव म्हणाला. "पुढं पाणी आहे."

"पाण्यावर बोट आहे ना."

"बोटीले पास चालत नाई."

"मंग तिकीट काढू. दोन-तीन घंट्याचा रस्ता आहे. आपल्या अठून मूर्तिजापूरले जाऊन वापस याले तेवढा टाइम लागते."

"मूर्तिजापूरले जाले पासपोर्ट लागत नाई."

सहदेवची बायको मनकर्णा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. पोरं दर्यापूरला तिच्या माहेरी गेली होती, त्यामुळे तिला बोलायला उसंत होती. "मले तं जायचं आहे बाप्पा," ती म्हणाली. "समोरच्या हॉटेलातला रेडिओ रोज सकाळी म्हणते, हे सिलोन आहे, हे सिलोन आहे. एकदा जाऊन पाहून घ्यावं, खरंच आहे का."

"गाणे आयकाले समुद्र ओलांडाचा काय?"

"तुमी नोका येऊ. तुमी धक्क्यावर पास धरून बसा."

उत्तम हसला. "वैनीचं मत आपल्याकडून."

"मताचं मीटिंगमंदी," बाहेरच्या ओट्यावरून देवमनचा आवाज आला. "चहा प्या अगुदर."

छप्पनच्या ऑक्टोबरात नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर देवमनने वस्तीत समिती उभी केली आणि तिचा तो अध्यक्ष झाला. समितीचे नियम त्याने घरीही आणले. त्याआधी घरातलं सगळं तो म्हणेल तसं व्हायचं, आणि त्याला उलगडलं नाही तर भगताला विचारून. दोन्ही एकाच वर्षी बंद झालं. ठराव मांडायचा, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, बोलायचं असेल त्याने उभं राहायचं, शेवटी हात वर. सुनेचं मत मुलाइतकंच. शकुनला नर्सिंगला पाठवायचं, माळवदावर पत्रे टाकायचे, उत्तमने दुसऱ्या जातीच्या मित्राला घरी जेवायला आणायचं, हे सगळं असं हात वर करून ठरलं. अध्यक्षाला मत नाही. बरोबरी झाली तरच. मतदार पाच असल्याने बरोबरी कधी झाली नाही. चार वर्षांत घराने पुष्कळ गोष्टी ठरवल्या आणि त्यातल्या एकीबद्दलही देवमनला स्वतःला काय वाटतं, हे कोणाला कळलं नाही. हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

*

मनकर्णा चुलीत तुराट्या सारून वांगी भाजत होती. भरताची वांगी तुराट्यांवरच भाजायची, हा सासूचा नियम होता आणि त्यावर मतदान नव्हतं. जाईबाई भाकरी थापत होती.

"मनकर्णे, तू हात वर नोको करू."

"कायले?"

"त्या सिलोनले."

मनकर्णा हसली. "काहून आत्याबाई? बोट लागन म्हून? लिंबं घेऊ ना संगं."

"बोट-बीट कायी नाई." जाईबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "सहदेवच्या त्या दोस्तानं काय लिवलं, ते सांगतलं का तुले त्यानं?"

"खोल्याचं सांगतलं."

"खोल्याचं सांगतलं. छावणीचं नाई सांगतलं. बोटीत बसाच्या आंधी मंडपमले छावणी लागते. तठी डाक्टर असते. एकाएकाले उभं करते, छाती पायते. खोकला दिसला का बाजूले काढते. मंग ठेवून घेते तठीच, नाई तं वापस."

"पण मामाजीले क्षय नाई. शकुननं फोटो काढला ना छातीचा."

"त्या डाक्टरले काय मालूम, आपली शकुन कोण आहे? हे रांगेत दोन पावलं चालले का खोकतीन."

मनकर्णाने वांगं उलटलं. साल फुटून आतलं पाणी निखाऱ्यावर चरचरलं.

"सहदेवले शाळंत घालाले आमी वलगावले गेलतो," जाईबाई म्हणाली. आवाज चुलीशी बोलल्यासारखा होता. "मी पोराचा हात धरून मांगं, हे पुढं. नवा सदरा घातलता त्याईनं. मास्तर म्हणे, पोरगं वट्ट्यावर बसन, तुमी फाटकाबाहीर व्हा. हे कायीच नाई बोलले. फिरले. माह्या आंगाला लागून गेले, पण माह्याकडं पायलं नाई. असे किती फाटकं सांगू तुले. पण दरवेळी पाहाले मी एकटीच होती. आता तुमी सारे असान. तुमच्यासमोर त्या माणसाले कोणी बाजूले काढलं, तं..." तिने भाकरी उलटली. "मले नाई पायवणार."

मनकर्णाला लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. सासऱ्याला तिने सभेत बोलताना पाहिलं होतं, समितीच्या पाटीखाली ताठ उभं असलेलं पाहिलं होतं. फाटकाबाहेर निघालेला, नव्या सदऱ्यातला माणूस तिला आत्ता पहिल्यांदा दिसला.

"यायले मालूम आहे हे?" तिने विचारलं.

"सहदेवले? मालूम आहे म्हून तं सकाळपासून पास-पास करून राहिला."

"अन् मामाजीले?"

"त्याईले कायले सांगाचं? उगाच जिवाले घोर."

मनकर्णाने भाजलेलं वांगं ताटलीत काढलं आणि बोटं भाजत असतानाच सोलायला घेतलं. "नाई करत हात वर," ती म्हणाली.

*

दही आणायचं निमित्त करून उत्तमने शकुनला बाहेर काढलं. बाजाराकडे जाण्याऐवजी दोघं मोर्णेच्या पुलावर थांबले. नदीत पाणी थोडंच होतं. धुणं आटपून बायका पातळं दगडांवर वाळत घालत होत्या.

"सकाळपासून तोंडात मूग धरून बसली तू," उत्तम म्हणाला. "दादाकडून झाली का?"

"मी कोणाकडूनच नाई."

"सिलोन म्हटलं का सारे असे काहून करून राहिले?"

"भाऊ, बाबाचा खोकला क्षयाचा नाई, हे मले मालूम आहे. पण आयकणाऱ्याले तो तसाच वाटते. मले वार्डात नवीन माणूस असा खोकताना दिसला, तं मीबी त्याची खाट अगुदर वेगळी लावन. मंग विचारन."

छावणीतल्या तपासणीचं उत्तमला पुस्तकी माहीत होतं. ते त्याने बापाशी जोडून पाहिलं नव्हतं. तो कठड्याला टेकला. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला नकाशावर छावणी दिसत नाही, असं त्याच्या मनात आलं.

"मागच्या पावसाळ्यात भंते आले होते वस्तीत," तो म्हणाला. "तू नव्हती. सिलोनच्या अनुराधपूरच्या झाडाचं सांगत होते. गयेच्या झाडाची फांदी अशोकाच्या पोरीनं तिकडं नेली, लावली, ते झाड अजून उभं आहे म्हणे. कोणी विचारलं केवढं उंच, कोणी विचारलं कितीक वर्षांचं. बाबानं विचारलं, पान कसं असते. भंते म्हणाले, पिंपळाचंच. तं बाबा म्हणतात, तसं नाई, तठलं पान कसं असते?"

"मंग?"

"मंग काय. भंतेंनी ते झाड पायलं नव्हतं. हसले. बाबाबी हसले."

"जायचं आहे, असं म्हणाले?"

"बाबा कधी म्हणतात का?"

शकुन खाली पाहत राहिली. एक बाई पातळाचं एक टोक दगडाखाली दाबून दुसरं टोक धरून उभी होती. वारा पातळ हातातून ओढत होता.

"मोठ्या डाक्टरच्या सहीचं सर्टिफिकेट मी घेईन," शकुन म्हणाली. "छातीचा फोटो संगं ठेवू. तरी थांबवू शकतात. मी तुले खोटं नाई सांगणार."

"म्हणजे मत आपल्याकडून?"

"हाव. पण थांबवलं तं आपण काय कराचं, हे तू आंधी ठरव."

"आंधी दही घेऊ," उत्तम म्हणाला. दही घेऊन दोघं परत आले. ते आंबट निघालं, आणि ते कोणी पारखून घेतलं यावर जेवण होईपर्यंत वाद चालला.

*

जेवणानंतर देवमनने सदऱ्याची गळ्याची गुंडी लावली. ती लावली की मीटिंग सुरू झाली असं समजायचं, आणि मग त्याला बाबा म्हणायचं नाही. घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर तो बसला. बाकीचे सतरंजीवर.

"मांडा."

उत्तम उभा राहिला. वर्गात बोलायची भाषा त्याच्या तोंडी आली. "अध्यक्षमहोदय, मे महिन्यात पांबनच्या मुक्कामाला जोडून आपल्या कुटुंबाने चार दिवस सिलोनला जावं आणि अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं दर्शन घ्यावं, असा ठराव मी मांडतो."

"दर्शन नाई. दर्शन आपण बंद केलं. झाड पाहावं, असं म्हणा."

"झाड पाहावं."

"अनुमोदन?"

"माहं," शकुन म्हणाली. जाईबाईने चमकून लेकीकडे पाहिलं. शकुनने नजर वळवली नाही.

सहदेव विरोधात बोलला. रजा मिळायची खात्री नाही, पासपोर्ट वेळेत येतील याची खात्री नाही, उतरल्यावर तिकडची भाषा कोणाला येत नाही. त्याने ही कारणं एकाखाली एक अशी ठेवली, जशी तो नट-बोल्ट उघडल्यावर फडक्यावर ठेवत असे. भाषेचं तर पांबनलाही तेच आहे, असं उत्तम म्हणाला. तिथे दोस्त आहे, असं सहदेव म्हणाला.

जाईबाईचे गुडघे दुखत, म्हणून बसून बोलायची सवलत तिला पहिल्याच सभेत मिळाली होती. "मले पाणी मानवत नाई," तिने सांगितलं.

"माय, तू पाण्यात गेली कधी?"

"म्हून तं."

सगळे हसले. देवमनही हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत सगळे सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत होते. शकुनने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्याने दोन घोट घेतले आणि पुढे बोला, अशी हाताने खूण केली. पुढे कोणाला काही बोलायचं नव्हतं.

"ठरावाकडून?"

उत्तम आणि शकुन.

"विरोधात?"

सहदेवचा हात वर गेला. जाईबाईचा गेला. मग सगळ्यांच्या शेवटी मनकर्णाचा.

"वैनी!" उत्तम सभेची भाषा विसरला. "सकाळी तं तुमाले रेडिओ पाहाचा होता!"

"रेडिओ अठूनबी आयकू येते, भाऊजी," मनकर्णा म्हणाली. मान खालीच होती.

"तीन विरुद्ध दोन," देवमन म्हणाला. त्याने मुलांवरून, सुनेवरून नजर फिरवली आणि ती बायकोपाशी न आणता मध्येच खाली घेतली. "बरं."

जाईबाईने तो शब्द ऐकला. तो ऐकायला तिला सतरंजीवरच्या इतर कोणाहून जास्त वर्षं मिळाली होती. शाळेच्या फाटकावर मास्तरला तो काही बोलला नाही, असं तिने सकाळी सुनेला सांगितलं होतं. आता तिला वाटलं, बोलला होता. हेच बोलला होता, याच आवाजात, आणि असाच तिच्याकडे न बघता वळला होता. त्या वेळी फाटकावर मास्तर होता. आज कोण होतं, ते तिला दिसलं. तिचा हात अजून वरच होता.

तिने तो खाली घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "मी विरोधात नाई."

"मंग ठरावाकडून?" उत्तमने घाईने विचारलं.

"तिकडूनबी नाई. मी कोणाकडूनच नाई."

"माय, असं नाई चालत," सहदेव म्हणाला. "मत दिल्यावर वापस घेता येत नाई. अध्यक्ष, माही हरकत आहे."

"निकाल जाहीर होयेपर्यंत घेता येते," देवमन म्हणाला.

"तुमी तीन-दोन म्हटलं ना आता."

"म्हटलं. जाहीर नाई केलं."

आता दोन विरुद्ध दोन. पुढे काय, हे प्रत्येकाला पाठ होतं. तसं कधी झालं नव्हतं, इतकंच. देवमन स्वतः सगळ्यांत उशिरा तिथे पोहोचला. तो जाईबाईकडे पाहत होता, आणि ही नियमातली कोणती खोड काढून बसली, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग ते गेलं.

"बाबा," शकुन हळूच म्हणाली, "आता तुमाले मत द्या लागते."

बाबा म्हटल्याबद्दल तिला कोणी टोकलं नाही.

देवमनने दोन्ही तळवे मांडीवर ठेवले. "घंटाभर झाला तुमी बोलून राहिले," तो म्हणाला. "रजेचं बोलले. पासाचं बोलले. मायनं पाण्याचं सांगतलं. खोकल्याचं कोणीच नाई बोललं."

सहदेवने वर पाहिलं.

"सहदेव, तुह्या दोस्ताचं कार्ड पोस्टमननं मलेच देलतं. कार्ड उघडंच असते. हिंदी तुटकी लिवते बिचारा, पण छावणी वाचता येते."

"बाबा, मले वाटलं..."

"तुले वाटलं, बापाले उगाच घोर. तुह्या मायलेबी तेच वाटलं. मलेबी वाटलं, तुमाले मालूम नाई तं कायले सांगाचं." तो थोडं हसला. "सारं घर एकमेकाले सांभाळून राहिलं. मीटिंग कायले घेतो मंग आपण?"

"तुमी मत सांगा," जाईबाई म्हणाली. "भाषण नोका करू."

"सांगतो." सभेत शेकडो लोकांपुढे तो पाऊण तास बोलत असे. आणि आता तीन शब्दांसाठी त्याला श्वास जमवावा लागला.

"मले जायचं आहे."

मनकर्णाने पदराचं टोक तोंडाला लावलं. उत्तम नकाशाकडे पाहत राहिला. बापाकडे पाहणं त्याला जमेना.

"अन् बाजूले काढलं तं?" जाईबाईने विचारलं. सकाळी चुलीपाशी सांगितलेलं तिने आता सगळ्यांपुढे, सरळ त्याच्याच तोंडावर विचारलं. "साऱ्याईसमोर?"

"काढतीन तं काढतीन. कायच्यासाठी काढतीन? खोकल्यासाठी. खोकला कोणालेबी येते, जाई. कलेक्टरलेबी येते. तो डाक्टर माही छाती पाहीन. मी कोणाचा, कुठचा, हे नाई पाहणार. आजपर्यंत मले ज्याईनं ज्याईनं थांबवलं, त्यातल्या एकानं तरी नळी लावून पायलं होतं का, आत काय आहे?" तो बोलता बोलता खोकला, या वेळी कोणी सतरंजीकडे पाहिलं नाही. "असं थांबवलं तं मले त्याचं कायी नाई वाटणार. वाईट वाटन. पण ते झाड नाई दिसलं याचं वाटन. दुसरं कायी नाई."

समोरच्या हॉटेलात कोणीतरी कपबशा विसळत होतं.

"सर्टिफिकेट मी आणते," शकुन म्हणाली. दवाखान्यात बोलते तशी बोलली. "फोटो आणते. बोटीच्या आदल्या दिवशी तुमी पांबनले पूर्ण आराम कराचा. बिडी आजपासून बंद."

"बिडीचा ठराव वेगळा मांडा."

सहदेव हसला. देवमनने गुंडीला हात लावून पाहिला आणि आवाज सभेचा केला. "अध्यक्षाचं मत ठरावाकडून. तीन विरुद्ध दोन. सिलोनचा ठराव मंजूर. आता याले एक उपसूचना पायजे. अध्यक्षाले मांडता येत नाई. कोणीतरी मांडा."

"कायची?"

"कोणाले छावणीत थांबवलं, तं बाकीच्यानं थांबू नये. बोटीत बसावं. जाऊन पाहून यावं."

ते मांडायला कोणी उठेना. पुलावर शकुनने उत्तमला आधी ठरवायला सांगितलं होतं ते हेच होतं, आणि समोर आल्यावर ते त्याला उचलवेना. शकुनने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. शेवटी सहदेव उभा राहिला. तो विरोधी पक्षाचा होता आणि थोरला होता. बाप फाटकाबाहेर राहिला तेव्हा वट्ट्यावर बसून शिकला तो हाच. त्याला ते आठवत होतं की नाही, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी मांडतो," तो म्हणाला. "कोणाले थांबवलं तरी बाकीच्याईनं पुढं जावं." आणि बसला.

"अनुमोदन?"

"माहं," मनकर्णा म्हणाली.

"उपसूचनेकडून?"

सहदेवचा हात. मनकर्णाचा. उत्तमने हात वर केला, तो खांद्याच्या वर गेला नाही. मोजायला पुरेसा होता. शकुनने सगळ्यांत शेवटी केला.

"विरोधात?"

जाईबाईने हात वर केला. कोपरापासून सरळ, बोटं मिटलेली.

"कारण सांगाचं आहे?" देवमनने विचारलं.

"सांगाच लागते, असा नियम आहे का?"

"नाई."

"मंग मोजा."

"चार विरुद्ध एक," देवमन म्हणाला. "उपसूचना मंजूर." विरोधात मत दिलेलं असलं तरी मंजूर झालेला ठराव सगळ्यांना पाळावा लागतो, हे वाक्य तो प्रत्येक सभेच्या शेवटी, गुंडी काढण्याआधी, म्हणत असे. चार वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशी त्याने जाईबाईच्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि ते वाक्य न म्हणताच गुंडी काढली.